सीटची उंची आधी, सायकलची किंमत नंतर

पाऊस ओसरला की साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात पहाटे सायकलींचे दिवे दिसायला लागतात, आणि आठ-पंधरा दिवसांत माझ्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात दुखणी यायला लागतात. कुणाचा गुडघा, कुणाची मान, कुणाचं न सांगता येण्यासारखं. या वेळची बरीचशी पत्रंही तशीच आहेत, म्हणून दुखण्यापासूनच सुरुवात करतो.

मी ४७ वर्षांची, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. मुलाने हौसेने रोड बाइक घेऊन दिली. पंचवीस-तीस किलोमीटर झाले की सीटवर बसवत नाही. जेलचं कव्हर घातलं तर त्रास आणखी वाढला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. दुकानदार म्हणतात, "सवय होईल ताई." खरंच होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

ताई, नव्या सायकलीवर पहिले दोन-तीन आठवडे बसण्याची हाडं हलकी ठणकतात, ते सवयीने जातं. पण तीस किलोमीटरनंतर उतरावंच लागतं आणि बोटं बधिर होतात, हे सवयीने जाणारं नाही. ते मापाचं दुखणं आहे आणि मापानेच जातं.

जेलचं कव्हर आजच काढून ठेवा. आपण सायकलवर बसतो ते ओटीपोटाच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर. वजन त्या दोन टोकांवर राहिलं तर काही होत नाही. कव्हर मऊ असलं की ती टोकं आत रुततात आणि मधला जेल वर येऊन नाजूक भागावर दाबतो. दुकानात बोटाने दाबून सगळ्यात मऊ लागते ती सीट लांबच्या सवारीत सगळ्यात आधी रडवते.

तुमचं माप घरीच निघेल. फ्रिज किंवा टीव्ही येतो त्या खोक्याचा नागमोडी थराचा पुठ्ठा घ्या. लाकडी स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, थोडं पुढे वाका आणि पाय टाचा उचलून धरा. अर्धा मिनिट तसंच बसा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर खडू आडवा धरून घासा, खळगे कोरे राहतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. त्यात साधारण दोन ते तीन सेंटिमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. बायकांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असतं, आणि सायकलीबरोबर येणारी सीट बहुतेक वेळा पुरुषाच्या मापाची असते. तुमची सीट अरुंद असणार असं मला पत्रावरूनच वाटतं. नवी घेताना मधे खाच किंवा भोक असलेली घ्या, म्हणजे नाजूक भागावरचा दाब कमी होईल.

आता उंची. आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची सवय फार जुनी आहे. आमच्या वडिलांचं तासावर सायकली भाड्याने देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य असायचं, "सीट खाली करा, दोन्ही पाय टेकले पाहिजेत." बाजारात जायला ते ठीक होतं. तीस किलोमीटर जायचं असेल तर नाही. सीट खाली असली की पाय पूर्ण सरळ होत नाही, जोर पायांत जाण्याऐवजी सगळं वजन सीटवर पडतं आणि गुडघाही दुखतो.

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं वर घट्ट दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. हे गणित टूर द फ्रान्स शर्यतीचा अमेरिकी विजेता ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं. तुमचं माप ७६ सेंटिमीटर आलं तर गुणाकार ६७.१ येतो. क्रँकच्या, म्हणजे पायडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या दांड्याच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवा. मग पडताळा घ्या: कुणाला तरी सायकल धरायला सांगून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल उलटं फिरवा. पायडल खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट जास्त वर आहे, पाच-पाच मिलिमीटरने खाली आणा. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर टेकायचा. दोन दिवस रिकाम्या मैदानात सराव केलात की भीती जाते.

बोटांचं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं म्हणजे तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली जातेय. तुमच्या सीटचं नाक बहुधा खाली झुकलेलं असेल. त्रास होतो म्हणून बरेच जण ते झुकवतात, मग अंग पुढे घसरत राहतं आणि ते थोपवायला सगळा भार हातांवर येतो. पाण्याची पातळी पाहायची गवंड्याची पट्टी सीटवर ठेवा. सीट सपाट ठेवा, फार तर एक-दोन अंश खाली. कोपर ताठ ठेवू नका, दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला. सायकल सोडल्यावरही दुसऱ्या दिवशीपर्यंत बधिरपणा राहत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, वाट बघू नका.

आणि एक गोष्ट कुणी बायकांना मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून सांगतो. पॅडची सायकल शॉर्ट्स आतले कपडे न घालता वापरायची असते. आतल्या शिवणीच घासतात. हवं तर वर कुर्ता किंवा सैल पँट घाला. घरी आल्या आल्या शॉर्ट्स बदला आणि दर वेळी धुवा.

माझ्याकडे साठ हजारांची ॲल्युमिनियमची रोड बाइक आहे. कार्बनची घेतली तर वजन दोन किलोने कमी होईल, पण दोन लाख लागतील. पसरणी घाटात किती फरक पडेल?
— एक वाचक, वाई

घाटात चढताना बरीचशी ताकद एकूण वजन वर उचलण्यात जाते. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ऐंशी किलो धरले तर दोन किलो म्हणजे अडीच टक्के. वाईहून पाचगणी गाठायला पन्नास मिनिटं लागत असतील तर फार तर सव्वा मिनिट वाचेल. सपाटीवर जवळजवळ काहीच नाही. व्यावसायिक शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा तो नियम २००० सालापासून आहे. म्हणजे जगातले सर्वोत्तम चढणारेही एका मर्यादेपलीकडे हलके होत नाहीत.

हौसेला मोल नसतं, पैसे असतील तर जरूर घ्या, कार्बन सुंदरच असतं. पण माझं मत विचाराल तर त्यातल्या वीस-पंचवीस हजारांत चांगले टायर, मापाची सीट, दोन चांगल्या शॉर्ट्स आणि मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, घ्या. कॅसेट बदलण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ दात पेलतो का, ते मेकॅनिकला विचारा. पुढे ३४ आणि मागे ३४ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. पसरणीच्या वळणांवर दम न लागता पाय फिरत राहतील. तुमचं अंग जिथे सायकलीला लागतं आणि सायकल जिथे रस्त्याला लागते, तिथे घातलेला पैसा पहिल्या दिवसापासून कळतो.

माझ्या सायकलीला २३ मिलिमीटरचे टायर आहेत. टायरवर १२० पीएसआय लिहिलंय म्हणून तेवढी हवा भरतो. वजन ६२ किलो. इथल्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी होतात आणि महिन्याला पंक्चर ठरलेलं. हवा कमी केली तर वेग जाईल ना?
— एक वाचक, चिपळूण

नाही जाणार, उलट वाढण्याचीच शक्यता आहे. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असा सल्ला नव्हे.

टणक टायर अंगठ्याला वेगवान वाटतो, कारण गुळगुळीत फरशीवर तो खरंच वेगवान असतो. आपला रस्ता फरशी नाही. प्रत्येक खडीवर टणक टायर वर उडतो, त्याच्याबरोबर तुम्ही आणि सायकल दोघंही उचलले जाता, आणि पुढे जायला वापरायची ताकद त्या हादऱ्यांत वाया जाते. हवा थोडी कमी असली की खडी टायरमध्येच जिरते आणि सायकल सरळ पुढे जाते. व्यावसायिक सायकलपटू पूर्वी २३ मिलिमीटर वापरायचे. आता सरसकट २८ आणि त्याहूनही रुंद टायर दिसतात, तेही युरोपातल्या चांगल्या रस्त्यांवर. आरामाबरोबर वेगही मिळतो म्हणूनच त्यांनी ते घेतले आहेत.

तुमच्या वजनाला २८ चे टायर असतील तर पुढे साठच्या आसपास आणि मागे पासष्ट-सत्तर पीएसआयपासून सुरुवात करा. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथे थोडी जास्त हवा. मग पाच-पाचने बदलून बघा. खड्ड्यात रिम ठणकन आपटला तर हवा कमी झाली. दात वाजायला लागले तर जास्त झाली.

विकत घेण्याआधी एवढं मात्र पाहा, की २८ चा टायर तुमच्या फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये मावतो का. जुन्या रिम-ब्रेकच्या सायकलींत पुष्कळदा २५ पर्यंतच जागा असते. टायर आणि फ्रेम यांत दोन्ही बाजूंना चार मिलिमीटर तरी मोकळे हवेत, नाहीतर चाक जरासं वाकडं फिरायला लागलं की घासायला सुरुवात. २५ च मावत असेल तर तेही चालेल, पंचाहत्तर-ऐंशीच्या आसपास हवा भरा.

पंक्चरचंही बघू. पुढचं पंक्चर झालं की ट्यूब फेकू नका, हवा भरून पाण्यात धरा. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर ट्यूब खड्ड्यात रिमखाली चिरडली, म्हणजे त्या वेळी हवा कमी होती. २३ च्या टायरला हवा थोडी उतरली तरी हे होतं. एकच बारीक भोक बाहेरच्या बाजूला असेल तर काच किंवा तारेचा तुकडा. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार महामार्गाच्या कडेला सगळीकडे पसरलेली असते आणि डोळ्याला दिसत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. तार असेल तिथे कापूस अडकतो. ही दोन मिनिटं न दिल्यामुळे लोक त्याच सकाळी दुसऱ्यांदा पंक्चर होतात. भोक आतल्या, म्हणजे आऱ्यांच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. ती बदला.

घाटात घाम फार येतो. हेल्मेट फक्त महामार्गावर घातलं तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

चालणार नाही. व्यावसायिक सायकलपटूही तुमच्यासारखंच म्हणत होते. २००३ च्या पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तो गेला. त्याच वर्षी शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं. घाट चढलात म्हणजे उतरणारही आहात.

मी ७१ वर्षांचा, निवृत्त बँक कर्मचारी. गुडघ्यांमुळे आता सायकल चालवत नाही, पण नातवाबरोबर टूर द फ्रान्स बघतो. एकही दिवस पहिला न येता माणूस संपूर्ण शर्यत जिंकतो, असं नातू सांगतो. हे कसं?
— एक वाचक, ठाणे

काका, नातू बरोबर सांगतो, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडला.

टूरमध्ये एकवीस टप्पे असतात, साधारण एका दिवसाला एक. रोज कोण पहिला आला हा एक हिशोब आणि सगळ्या दिवसांची मिळून सर्वांत कमी वेळ कुणाची हा दुसरा. पिवळी जर्सी दुसऱ्या हिशोबात पुढे असणाऱ्याची. १९९० मध्ये लेमाँडने आणि २०१७ मध्ये ख्रिस फ्रूमने एकही टप्पा न जिंकता टूर जिंकली. २०१९ मध्ये कोलंबियाचा एगान बर्नाल एका घाटात सगळ्यांना मागे टाकून निघाला, आणि खाली गारपीट होऊन दरड रस्त्यावर आल्याने टप्पा मधेच थांबवावा लागला. घाटमाथ्यावरच्या वेळा धरल्या, बर्नालला पिवळी जर्सी मिळाली, पण त्या दिवसाचा विजेता म्हणून कुणाचंच नाव लागलं नाही.

ही शर्यत वाऱ्याशी असते. सपाटीवर ताशी चाळीसच्या वर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चाललं की मोठी बचत होते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोठ्या घोळक्याच्या प्रतिकृतीवर मोजणी केली. घोळक्याच्या आतल्या भागात हवेचा विरोध एकट्या सायकलपटूच्या जेमतेम पाच ते दहा टक्के भरला. म्हणून प्रत्येक संघाच्या आठ जणांतले सात एकासाठी राबतात. पुढे राहून वारा खातात, मागे गाडीपर्यंत जाऊन सगळ्यांच्या बाटल्या जर्सीत खुपसून परत पुढे येतात, नेत्याचं चाक गेलं तर स्वतःचं काढून देतात. टप्पा बघताना कॅमेरा पहिल्या माणसावर असतो, तेव्हा तुम्ही तिसऱ्या-चौथ्या रांगेकडे बघा. पाठीवर बाटल्यांचा फुगवटा घेऊन कडेने वर सरकणारा माणूस दिसेल. मला सगळ्यात जास्त आदर त्याचाच वाटतो.

सेकंदांचं मोलही नातवाला सांगा. १९८९ मध्ये शेवटच्या दिवशी एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा होता आणि लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. त्याने हँडलला लांब दांडे लावले, हात पुढे जवळ आणून अंग वाऱ्यात कमी येईल असं बसला. फिन्याँ उघड्या डोक्याने, शेंडी उडवत आला. तीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतरानंतर लेमाँड ८ सेकंदांनी जिंकला. बायकांच्या टूरमध्ये २०२४ साली पोलंडची कॅशा नेव्हियादोमा आल्प द्युएझच्या घाटानंतर ४ सेकंदांनी जिंकली.

आणि अगदी जुनी एक. १९१३ च्या टूरमध्ये तुर्माले घाटाच्या उतारावर युजीन क्रिस्तोफच्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही असा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावी गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा सांधला. एका पोराने भाता मारला म्हणून त्याला वेळेचा दंड झाला. १९१९ मध्ये पिवळी जर्सी सुरू झाली तेव्हा ती पहिल्यांदा याच क्रिस्तोफच्या अंगावर चढली. मी मेकॅनिक आहे, मला यापेक्षा मोठी गोष्ट त्या शर्यतीत सापडत नाही.

वय ५२, सरकारी नोकरी. २०० किलोमीटरची बीआरएम करायची आहे. सलग सत्तर झालेत. जमेल का, आणि खायचं काय?
— एक वाचक, नागपूर

जमेल. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सवारी. २०० ला साडेतेरा तास असतात, थांबणं, चहा, पंक्चर सगळं धरून. म्हणजे ताशी पंधरा. तुमच्याच नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायची शर्यत, एकट्याने पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी, तेही डॉक्टरच, दोघांच्या संघात ती केली होती. नोकरी-व्यवसाय सांभाळणारी माणसं आहेत ही.

सत्तरवरून नव्वद, मग एकशे वीस, असं दोन महिन्यांत जा. एकशे तीस आरामात झाले की दोनशेला उभे राहा. भूक लागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाका. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ असतात, त्यावरून हिशोब करा. केळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळ-पोळीची गुंडाळी, हे सगळं जर्सीच्या खिशात राहतं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर घातलेलं लिंबाचं. मिसळीचा मोह परतीच्या शेवटच्या थांब्यानंतरच.

काका, मी अकरावीत आहे. रोज ऐंशी-शंभर किलोमीटर मारतो, सगळ्यात जड गिअरवर. आता गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. मला व्यावसायिक व्हायचंय, कॉलेज सोडून पूर्ण वेळ सराव करू का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

आधी गुडघा. एक आठवडा सायकल बंद, आणि डॉक्टरांना दाखव. तुझ्या वयात हाडं अजून वाढतायत, वाटीखालचं दुखणं अंगावर काढू नकोस. परत बसशील तेव्हा सीटची उंची तपास (कोल्हापूरच्या ताईंना दिलेलं गणित तुलाही लागू आहे) आणि गिअर हलका कर. जड गिअरने ताकद येते असं तालमीतल्या सवयीने वाटतं, पण सायकलीत पाय भरभर फिरले पाहिजेत. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोज. वीस ते बावीस यायला हवेत. आठवड्यातले दोन दिवस पूर्ण विश्रांती, एक दिवस लांब, एक दिवस घाट, बाकी हलकं. रोजचे शंभर म्हणजे रोज अर्धवट दमणं. त्यात वेग वाढत नाही.

घोळक्यात चालवायला शिक. एकट्याने शंभर किलोमीटर मारणारा पोरगा पहिल्या शर्यतीत पुढच्याच्या मागच्या चाकाला घासून पडतो, हे मी दर वर्षी बघतो. चार जणांना जमव, हातभर अंतर ठेवून चाला, नजर पुढच्याच्या चाकावर नाही तर खांद्यावरून रस्त्यावर ठेवा. खड्डा आला की हाताने दाखवा. पाळीपाळीने वारा खा.

आणि कॉलेज सोडू नकोस. आपल्या देशात सायकलपटूला स्थिर आधार मिळतो तो बहुतेक सेनादल आणि रेल्वे यांच्या संघांतून, आणि तिथे भरतीला बारावीचं प्रमाणपत्र कामाला येतं. आधी जिल्हा, मग राज्य निवड चाचणी. घाट आवडत असेल तर मुंबई-पुणे शर्यत डोळ्यांसमोर ठेव, तिथे बोर घाटात कोण पुढे निघतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. गुडघा बरा झाला की सध्याचं सरावाचं वेळापत्रक मला लिहून पाठव, दिवसवार. मी त्यात खुणा करून परत देतो.

पावसानंतर चेन कुरकुरते. डिझेलने धुऊन ग्रीस लावलं तर?
— एक वाचक, पुणे

ग्रीस नको, त्याला माती चिकटते आणि चेन कानशीसारखी कॅसेटचे दात खाते. डिझेलने धुतलीत तर नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. मग चेनचं तेल प्रत्येक कडीच्या रुळावर एकेक थेंब, आतल्या बाजूने. पायडल उलटं पाच मिनिटं फिरवा आणि बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने निपटून काढा. बोट लावलं तर डाग उमटू नये इतकं.